राणी उडाली तेव्हा

लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे बसावं आणि दोघांनीही मध्ये बोलू नये. गोष्ट फार जुन्या काळची आहे. आपल्या पणजोबांनाही ती त्यांच्या पणजोबांकडूनच कळली होती.

एका उंच डोंगराच्या अंगाखांद्यावर दोन वाड्या होत्या. वर होती ती वरवाडी, खाली होती ती खालवाडी. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं नव्हतं हे उघडच आहे. दोन्ही वाड्यांचा धंदा एकच, माशा पाळायच्या आणि मध काढायचा. आणि दोन्ही वाड्यांचा डोळा एकाच डोंगरमाथ्यावर.

त्या माथ्यावर कारवी होती. कारवी म्हणजे मोठी हट्टी. वर्षानुवर्षं नुसती पानं घेऊन उभी राहते, सातव्या वर्षी फुलते, आणि फुलते तेव्हा सगळा डोंगर जांभळा करून टाकते. त्या एका बहरात जेवढा मध मिळे, तेवढा मधली सगळी वर्षं मिळून मिळत नसे. त्या मधावर घरात मीठ येई, धान्य येई, लेकीबाळींना लुगडी येत. मग भांडणं होणारच. बहर आला की दोन्ही वाड्या काठ्या घेऊन माथ्यावर चढत. मध राहायचा बाजूला आणि डोकी तेवढी फुटायची.

शेवटी जुन्या जाणत्यांनी एक रीत घालून दिली. कारवीची पहिली फुलं दिसली की पंचांनी दोन्ही वाड्यांत जायचं. प्रत्येक वाडीने आपली एक पेटी चारचौघांत उघडायची, आतली राणीमाशी पंचांना दाखवायची आणि सुखरूप आत सोडायची. दिवस मावळताना पंच पुन्हा येऊन बघणार. जिची राणी धडधाकट, त्या वाडीचा डोंगर, पुढच्या बहरापर्यंत. दोघींच्याही राण्या धडधाकट असल्या तर डोंगर अर्धा अर्धा. मात्र पेटी जागची हलवायची नाही. राणीने पंचांकडे जायचं नाही, पंचांनी राणीच्या दारी जायचं. ज्याला एवढीशी राणी सांभाळता येत नाही त्याच्या हाती अख्खा डोंगर कसा द्यायचा, असा त्यामागचा विचार होता.

वरवाडीच्या माशा हौसा सांभाळत असे. ती या वाडीची सून. हे काम तिला सासूकडून मिळालं होतं. सासूला सगळी वाडी आत्याबाई म्हणे. आत्याबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी माशांना धूर द्यायचं मडकं सुनेच्या हातात दिलं, पण मन मारूनच. कारण हौसा म्हणजे वावटळ होती. विहिरीवर गेली तर घागर भरायच्या आधीच उचलायची. बोलायला लागली तर समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची. माणसं हे चालवून घेतात. माशा घेत नाहीत.

म्हणून आत्याबाई पेटीशेजारी दगडावर बसून रोज तोंडाचा पट्टा चालवत. "हाताला काय लावलंस? तेल? जा, धुऊन ये. त्यांना आपला वास चालतो, दुसऱ्याचा न्हाई. राणीच्या अंगाला परका वास लागला, की त्या तिलाच परकी समजून घोळका करून मारत्यात."

"बरं, आत्याबाई."

"अगं, मधली पट्टी का ओढतीस? आधी कडंची काढ, जागा कर. दाटीतनं पोळं उपसलंस तर राणी दोन पोळ्यांच्या मधी चिरडंल."

त्या पेट्यांत वर आडव्या लाकडी पट्ट्या असत आणि एकेका पट्टीला एकेक पोळं लोंबत असे. राणी त्यातल्याच कुठल्यातरी पोळ्यावर फिरत असायची, इतर माशांहून लांबट, थोडी काळसर.

"आणि पट्टी हातात घेतलीस की ती पेटीच्या वरच धरायची. मधेअधे न्हाई, बाजूला न्हाई. राणी पडली तरी आपल्या घरात पडली पायजे."

हौसा सगळं ऐके आणि निम्मं पाळे. तिचं बरं चाललं होतं, कारण तेव्हा वाडीत पेट्या पुष्कळ होत्या. एखादी बिघडली तर दुसरी होती.

मग एका उन्हाळ्यात वणवा लागला. वारा वरवाडीच्या अंगावर होता. घरं वाचली, पण झाडाखालच्या पेट्या एकामागून एक पेटल्या. उरली ती एकच, विहिरीजवळच्या आंब्याखालची. तिचीही राणी धुराने मेली होती. पण आतल्या माशांनी धीर सोडला नाही. त्यांनी एक कोवळी अळी निवडली, तिला चांगलंचुंगलं भरवलं आणि नवी राणी तयार केली. ही राणी सडपातळ होती, चपळ होती आणि जरा खुट्ट झालं की पोळ्यावर इकडून तिकडे पळत सुटायची. आत्याबाई म्हणाल्या, "हौसे, ही तर तुझीच धाकटी भन हाय!"

त्याच वर्षी कारवी फुलली.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल, हौसाच्या हातात काय होतं ते. ही पेटी वाचली तर तिच्या माशांपासून दुसरी पेटी होणार, दुसरीपासून तिसरी. ही गेली तर डोंगर तर जाणारच होता, पण वरवाडीत बघायलासुद्धा माशी उरणार नव्हती. हौसाला हे चांगलं ठाऊक होतं. त्या सकाळी तिने हात साध्या पाण्याने धुतले, त्यांना त्याच पेटीतलं जुनं मेण चोळलं आणि भाकरीचा तुकडाही तोंडात न घालता ती आंब्याखाली येऊन उभी राहिली.

पंच आधी खालवाडीला गेले होते. हौसाचा नवरा भिकाजी तिकडची मजा बघायला गेला होता. तो धापा टाकत वर आला तो डोळे विस्फारूनच.

"अगं, काय सांगू तुला! कुशाबानं हाताला चंदन लावलं, राणीचा मान म्हनून. चिमटीत धरून राणी उचलली आन् सरळ आपल्या पागोट्यावर ठिवली! तशीच घेऊन पंचांपुढनं फिरला. लोकांनी टाळ्या पिटल्या बघ. मग दिली आत टाकून."

कुशाबा म्हणजे खालवाडीचा माशा पाळणारा. गेले दोन बहर त्याच्याच वाडीने डोंगर पटकावला होता. माणूस वाईट नव्हता, पण टाळी ऐकली की त्याला दुसरं काही ऐकू येत नसे.

आत्याबाई दगडावरून म्हणाल्या, "चिमटीत धरली? कुठं?"

"कमरेला."

आत्याबाईंनी नुसतं "हूं" केलं.

इतक्यात पंच आले. पुढे रावजी पाटील, त्यांच्या पांढऱ्या मिशा आणि त्यांची काठी. मागून अख्खी खालवाडी, आणि त्यात सगळ्यांच्या पुढे कुशाबा. पागोटं आणखी थोडं तिरपं झालं होतं.

हौसाने पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळला. शेणीचा धूर हलकेच दिला, झाकण काढलं. कडेची पट्टी उचलून बाजूला टेकवली. जागा झाली. दुसरी पट्टी सरकवली, मग तिसरी, सावकाश, दुधावरची साय उचलावी तशी. आत्याबाई बघतच राहिल्या. त्यांच्या सुनेने आजवर काहीच सावकाश केलं नव्हतं.

राणी चौथ्या पोळ्यावर होती. हौसाने ती पट्टी उचलली आणि पेटीच्या बरोबर वर धरली. "ही बघा, पाटील."

रावजी पाटील वाकले. आंब्याची सावली, माशांची गर्दी, आणि पाटलांचे डोळे आता त्यांच्या मिशांच्याच वयाचे झालेले. "कुठाय? मला तर दिसंना."

गर्दीत कुजबूज सुरू झाली. कुशाबा मोठ्याने म्हणाला, "वैनी, राणी हाय का गोषात बसलीया? का हायच न्हाई? आमची तर समद्या गावानं बघितली!"

लोक हसले. आणि हौसाच्या डोक्यात तिडीक गेली. इतका वेळ दाबून धरलेली वावटळ उसळून वर आली. तिने ती पट्टी पेटीवरून बाजूला काढली आणि हात लांब करून थेट कुशाबाच्या नाकासमोर उन्हात नेली. "दिसली आता? का डोळ्यांत घालू?"

"दिसली, दिसली!" पाटील ओरडले. सगळे पुढे सरले. सगळे एकदम बोलले.

लख्ख ऊन पडलं, माणसांच्या सावल्या हलल्या, आणि ती चपळ राणी पोळ्याच्या कडेवर आली, तिने पंख उघडले आणि उडाली.

मग कुणीतरी किंचाळलं, "राणी उडाली!"

पुढे जे झालं ते विचारू नका. अख्खी वरवाडी धावत सुटली. कुणी घोंगडी उडवत होता, कुणी थाळी बडवत होता, कुणी तांब्यातलं पाणी हवेत फेकत होता. खालवाडीवालेही मागे लागले, निम्मे मदतीला आणि निम्मे मजा बघायला. "तिकडं गेली! ओढ्याकडं! न्हाई, करवंदीत!" माणसं एकमेकांवर आदळत होती. धावता धावता भिकाजीने वळून हाक मारली, "अगं ए, उभी काय ऱ्हायलीस? पळ की!"

हौसाचा पाय उचललाच गेला होता. सगळं अंग पळ पळ म्हणत होतं. आयुष्यात जे काही निसटलं त्याच्यामागे ती पळालीच होती, मग ती कोंबडी असो, वासरू असो की वाऱ्याने उडालेलं लुगडं असो.

तेवढ्यात दगडावरून शांत आवाज आला. "हौसे, तू कुठं उभी हायेस?"

हौसा रडायच्या बेतात होती. "पेटीपाशी, आत्याबाई."

"राणी उडाली तवा कुठं हुतीस?"

"हितंच."

"मग हितंच ऱ्हा. माशी घरातनं निघताना वळून बघती. झाड बघती, दगड बघती, उभं असलेलं मानूस बघती. त्या खुणांवर ती परत येती. आता तिच्या खुणांतली एक खूण तू हायेस. झाड उठून पळालं तर तिनं काय वळखायचं?"

हौसाने उचललेला पाय खाली ठेवला.

तिने पट्टी हळूच माघारी आणली आणि पेटीच्या वर धरली, जिथे ती पहिल्यापासून असायला हवी होती. झाकण उघडंच ठेवलं. आणि ती उभी राहिली. आंब्याची सावली हळूहळू सरकली, ऊन तिच्यावर आणि पेटीवर आलं.

उभं राहणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने भर उन्हात, उघड्या पेटीपाशी, हातात माशांनी लगडलेलं पोळं घेऊन एकदा उभं राहून बघावं. एक माशी तिच्या भुवईवर चढली. एक मनगटावर डसली. हौसाने हात हलवला नाही. खांद्यांना रग लागली, घाम डोळ्यांत उतरला, आणि मनात एकच घोकणी चालू होती: माझ्यामुळं गेली. माझ्या तोंडामुळं गेली.

करवंदीच्या जाळीवर एक वेडा राघू येऊन बसला. हा पक्षी हिरवा, देखणा, आणि माशा खाण्यात पटाईत. हातातली पट्टी टाकून त्याला हुसकावणं शक्य नव्हतं. पण तेवढ्यात भिकाजी थाळी बडवत त्याच जाळीत घुसला आणि राघू घाबरून पार ओढ्यापलीकडे उडून गेला. त्या दिवशी पळणाऱ्यांचा जो काही उपयोग झाला, तो एवढाच.

रावजी पाटील मात्र जागचे हलले नव्हते. त्यांच्या वयाला पळणं झेपणारं नव्हतं. ते हळहळून म्हणाले, "बाई, राणी गेली. आता झाकून टाक पेटी. माशांना तरी ऊन लागायला नको."

"पाटील, जरा दम धरा," हौसा ओठ न हलवता म्हणाली. "दावून झालीया. आत सोडायची ऱ्हायलीया."

आणि मग तिला पेटीत काहीतरी वेगळं दिसलं. पट्ट्यांवरच्या माशा एका जागी स्थिर झाल्या होत्या. त्यांनी शेपट्या वर केल्या, डोकी खाली केली आणि सगळ्या मिळून पंखांनी वारा घालू लागल्या. घराचा वास त्या हवेत सोडत होत्या. त्यांच्यातली एकही राणीच्या मागे पळाली नव्हती. त्या दारात उभं राहून तिला बोलावत होत्या.

"माज्यासारख्याच हायती की," हौसा पुटपुटली. मग स्वतःशीच म्हणाली, "न्हाई. मी आत्ता त्यांच्यासारखी झाले."

आंब्याची सावली सरकत सरकत विहिरीपर्यंत गेली. तेव्हा उन्हातून एक लांबट, काळसर ठिपका तरंगत आला. आंब्याला एक वळसा घातला, विहिरीवरून फिरला, आणि हौसाच्या मोकळ्या हातावर, उघड्या तळव्यात, येऊन बसला.

राणी!

पाटलांची काठी हातातून गळून पडली. आता फक्त मूठ मिटायची होती. हौसाची बोटं शिवशिवली, मिटायला आलीसुद्धा. पण तिने मिटली नाहीत. तोंड बाजूला वळवलं, म्हणजे राणीला श्वास लागू नये. मग हात इतका हळू खाली नेला की बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत, आणि पोळ्याच्या कडेला टेकवला.

राणीने थोडा वेळ मिशा हलवल्या. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात ती हातावरून पोळ्यावर चालत गेली. माशांनी तिला वाट दिली, तोंडाने चाचपली, ओळखली. हौसाने पट्टी पेटीत सोडली, कडेची पट्टी जागेवर बसवली, झाकण ठेवलं. आतली घरघर थांबली आणि तिच्या जागी एक भरलेला, समाधानी गुंजारव सुरू झाला. जात्यावर बसलेली बाई सूर सापडल्यावर ओवी म्हणते, तसा.

मगच हौसा खाली बसली. आणि हसायला लागली. हसता हसता रडली, आणि आत्याबाईंनी तिचं डोकं आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर घेतलं. "आज तू माझी सून न्हाईस," त्या म्हणाल्या. "आज तू माझ्या पेटीची धनीण झालीस."

तेवढ्यात भिकाजी ओरडत आला. धोतर फाटलेलं, अंगभर काटे, हाताची मूठ घट्ट मिटलेली. "धरली! मी धरली राणी!" त्याने मूठ उघडली. आत एक काळाकुट्ट भुंगा होता. तो भुंगाही रागावला होता. त्याने भिकाजीच्या कानाशी एक फेरी मारली आणि आपल्या वाटेने निघून गेला.

दिवस मावळताना पंच परत आले. आंब्याखालच्या पेटीच्या दारात माशांची रीघ लागली होती. त्यांच्या पायांना कारवीच्या परागाच्या गोळ्या होत्या. हौसाने पट्टी पेटीच्या वर, अगदी वरच धरली, आणि पाटलांना वाकायला लावलं. राणी संथपणे पोळ्यातली घरं तपासत फिरत होती.

खालवाडीत कुशाबाने मोठ्या तोऱ्यात झाकण काढलं. आत पोळ्यावर माशांचा एक घट्ट गोळा होता. तो सोडवला तेव्हा मध्ये राणी सापडली, मेलेली. तिच्या अंगाला अजून चंदनाचा वास येत होता.

रावजी पाटलांनी काठी आपटली. "डोंगर वरवाडीचा!"

असा जल्लोष त्या डोंगराने कधी ऐकला नव्हता. ढोल वाजले, शिंगं फुंकली. बायांनी हौसाला मध्ये घेऊन फेर धरला. दोन बहर मान खाली घालून बसलेली वाडी त्या दिवशी मान ताठ करून माथ्यावर चढली आणि तिने जांभळ्या फुलांत आपला झेंडा रोवला.

हौसा मात्र मध्येच फेरातून सुटली आणि खालवाडीला गेली. कुशाबा पेटीपुढे बसून पुन्हा झाकणाला हात घालत होता.

"भाऊजी, उघडू नका," हौसा म्हणाली.

"आता काय वाचवायचं ऱ्हायलंय, वैनी?" तो वर न बघता म्हणाला. "सकाळी मी तुम्हाला हसलो. आता तुम्ही हसा."

"सकाळी माझी बी राणी माझ्याच तोऱ्यानं उडाली. हसायला कुठलं तोंड आणू?" ती त्याच्याशेजारी बसली. "पोळ्यात कोवळ्या अळ्या असत्याल. माशा नवी राणी करत्याल, आमच्या माशांनी केली तशी. तुम्ही हात धुवा, झाकण मिटा आणि लांब बसून ऱ्हावा. हे लई अवघड हाय. मी आजच शिकले."

कुशाबाने हात धुतले. आणि खरंच लांब बसला. कुणाची टाळी नाही, काही नाही. बहर ओसरायच्या आत त्याच्या पेटीत नवी राणी फिरू लागली. वरवाडीच्या एका पेटीच्या तोवर चार झाल्या होत्या, आणि मडक्यांतून मध ओसंडत होता.

पुढचा बहर आला तेव्हा दोन्ही वाड्यांच्या राण्या दिवस मावळताना धडधाकट निघाल्या. डोंगर पहिल्यांदाच अर्धा अर्धा झाला, आणि एकही डोकं फुटलं नाही. कुशाबाने त्या दिवशी हाताला चंदन लावलं नव्हतं.

तेव्हापासून त्या डोंगरावर एक बोलणं रूढ झालं. कुणाचं काही हातचं निसटलं आणि तो सैरावैरा पळू लागला, की म्हातारी माणसं म्हणत, "अरे, राणी उडालीया, हौसा हो!"

बोध: निसटलेल्याच्या मागे सैरावैरा धावणाऱ्याच्या हाती भुंगा येतो, पण जो चूक सुधारून आपल्या जागी धीराने उभा राहतो, त्याच्या हातावर राणी स्वतः येऊन बसते.